अंजनाबाईंचा पासपोर्ट

अंजनाबाई मारबते रिकाम्या हातानं उभ्या असलेल्या माणसाशी बोलत नसत. माणूस साहेब असो की घरचा जावई, त्या आधी त्याच्या हातात काहीतरी देत. अंगणात बसल्या असल्या तर निवडायची भाजी, तलावावर असल्या तर जाळ्याचं एक टोक, आणि रोवण्याचे दिवस असले तर धानाच्या रोपांची जुडी. मला जुडीच मिळाली. जुलै महिना होता. मी बांधावर छत्री आणि वही घेऊन उभी होते, आणि खाली चिखलात वीसेक बाया ओळीनं वाकून धान रोवत होत्या, गात होत्या. मी मोठ्यानं विचारलं, "यांच्यात अंजनाबाई कोण?" ओळीच्या मधोमधची एक बाई वाकल्या-वाकल्याच दोन पावलं मागे सरकली, हातातली जुडी माझ्या पायाशी फेकली आणि म्हणाली, "खाली उतरा जी. वरून काय समजन तुमाले?"

मी चपला काढून उतरले. माझी रोपं सगळी वाकडी लागली. त्यांनी मागं वळून पाहिलं, ती सगळी उपटून पुन्हा लावली आणि मग म्हणाल्या, "हां, आता बोला. कोणतं गाणं पायजे?"

त्या गेल्या त्याला आता दोन पावसाळे झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं मी टाळत आले, कारण त्यांच्या आयुष्यातली एक मोठी जखम माझ्या हातून उघडी पडली. ती माझ्या हातून झाली नव्हती, हे खरं. पण पट्टी मीच ओढली.

मी चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात, एका तालुक्याच्या गावी कॉलेजात मराठी शिकवते. रोवण्याची गाणी गोळा करायचा मला नाद होता. अंजनाबाईंचं गाव माझ्या घरापासून स्कूटरनं अर्ध्या तासावर. ढिवरांची वस्ती, मोठा तलाव, तलावाच्या पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे चौफेर बांध घातलेले शेताचे तुकडे. पुरुष मासे धरत, बाया पावसाळ्यात रोवण्याला आणि दिवाळीनंतर कापणीला जात. अंजनाबाईंचं वय तेव्हा साठीच्या अलीकडे-पलीकडे असेल. नक्की त्यांनाही माहीत नव्हतं. "मोठं पाणी आलं तवाची मी," एवढंच त्या सांगत. कोणतं मोठं पाणी, ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

त्यांचा आवाज गोड नव्हता. जाड होता, जरा फाटलेला. पण शंभर हातांवरच्या बाईला तो ऐकू जाई आणि थकलेल्या हाताला पुन्हा चालवी. कोणी म्हटलं, बाई, तुम्ही छान गाता, तर त्या तुटकपणे म्हणत, "मी गात नाई. मी रोवणा ओढतो." गाणं म्हणजे त्यांच्या लेखी कामातलं एक काम होतं. कास्तकार चांगला असला, दुपारी सावलीत बसू देणारा असला, तर गाणं लांब. कुरकुऱ्या असला तर आखूड. एकदा एका बांधीवर त्या दिवसभर गप्प राहिल्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्यानं यमुनेले शिवी देल्ली. त्याचं धान मुकंच वाढू दे."

यमुना म्हणजे त्यांच्या शेजारची सून. तिशीची, हसरी, अंजनाबाईंच्या मागं सावलीसारखी. गाण्याची ओळ अंजनाबाई टाकत आणि ती उचलायची पहिला मान यमुनेचा.

मी गोळा केलेली गाणी नागपूरच्या एका सांस्कृतिक संस्थेकडे गेली, तिथून आणखी कुठं कुठं गेली, आणि एक दिवस संस्थेच्या मोहरील सरांचा फोन आला. इटलीत एका भागात धान पिकतं. तिथल्या बायकाही पूर्वी चिखलात वाकून गात असत. त्यांतल्या काही म्हाताऱ्या अजून ती गाणी म्हणतात. त्यांना आपल्या बाया तिकडे हव्या होत्या. बारा बाया, दहा दिवस, फेब्रुवारीच्या शेवटी. पुढच्या वर्षी त्या इकडे येणार.

मी हे सांगायला गेले तेव्हा अंजनाबाई जाळं विणत होत्या. एक टोक माझ्या हातात देऊन त्यांनी सगळं ऐकलं. विमानाबद्दल काही विचारलं नाही. म्हणाल्या, "तिथल्या बाया रोवते का अजून?"

"नाही. आता मशीननं होतं. नुसती गाणी राहिली आहेत."

त्यांनी जाळ्याची दोन-तीन घरं विणली. मग म्हणाल्या, "मंग त्याइले भेटाच लागन."

बारा जणी ठरल्या. कॉलेजच्या रिकाम्या हॉलमध्ये दर रविवारी तालीम सुरू झाली. अंजनाबाईंनी खडूनं फरशीवर बांधी आखली आणि सगळ्यांना त्यात वाकायला लावलं. उभं राहून गाता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. "पोटावर वाकल्याबिगर आवाज निंघत नाई," असं त्या सांगत आणि करून दाखवत. मी त्यांना काट्यानं खायला शिकवायचा प्रयत्न केला. स्वेटर साडीच्या आत घालायचा की वर, यावर एक अख्खा रविवार गेला. विमानात पाणी कसं मागायचं याची तालीम झाली, तेव्हा यमुना खुर्चीवर ताठ बसून "वॉटर" म्हणाली आणि अंजनाबाई गंभीरपणे म्हणाल्या, "येवढ्या बारीक आवाजात? तहानंनं मरशीन बापा." खूप हसलो त्या दिवशी. मला त्या हसण्याची आठवण आता नकोशी वाटते, कारण त्याच आठवड्यात कागदांचं काम निघालं.

पासपोर्टचे अर्ज मीच भरणार होते. एकेकीच्या घरी जाऊन कागद पाहायचे आणि लॅपटॉपवर माहिती घालायची. अंजनाबाईंकडे गेले ती मंगळवारची सकाळ होती. त्यांनी खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली आणि माझ्यापुढं ठेवली. त्यांना वाचता येत नव्हतं. एकेक कागद मी काढत होते, मोठ्यानं सांगत होते आणि बाजूला ठेवत होते. हे आधार कार्ड. हे रेशनचं. हे बँकेचं पुस्तक. ही घराची टॅक्स पावती. त्या प्रत्येकाला "हो जी" म्हणत होत्या आणि समोर बसून सुपात तांदूळ पाखडत होत्या.

खाली एक प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला कागद होता. मी त्याच सुरात वाचला. "मृत्यू प्रमाणपत्र. दशरथ कवडू मारबते. मृत्यूचं ठिकाण, राहतं घर."

सूप थांबलं.

इथं मला थोडं मागं जाऊन सांगायला हवं. अंजनाबाईंचे यजमान दशरथ हे वीसेक वर्षांपूर्वी तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. आमच्याकडून दर वर्षी माणसं जातात, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला, आणि उन्हाळा चढला की परततात. त्या वर्षीची टोळी परतली, दशरथ परतले नाहीत. कोणी सांगितलं, ते दुसऱ्या मुकादमाबरोबर पुढं गेले. कोणी सांगितलं, त्यांनी तिकडेच घर केलं. अंजनाबाईंनी यातलं काही मानलं नाही आणि काही नाकारलंही नाही. कपाळावर मोठं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. गाव त्यांना सवाष्णच मानत होतं. मी एकदा चाचरत विचारलं होतं, तर म्हणाल्या होत्या, "आला नाई अजून," जशी एखादी बाई बाजाराला गेलेल्या नवऱ्याबद्दल सांगते.

"पुन्ना वाचा," त्या म्हणाल्या.

मी वाचलं नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, मी म्हणून राह्यली, पुन्ना वाचा."

मी वाचलं.

"राहतं घर म्हंजे कोणतं घर?"

"हेच, बाई."

त्यांनी घराकडे नजर फिरवली. एक खोली, एक पडवी, चूल. "इथीच मेला तो? आन् मी कुठी होती?"

त्यांचा मुलगा सुरेश तलावावरून येत होता. त्याला लांबूनच काहीतरी कळलं असावं, कारण तो दारातच थांबला. चाळिशीकडे झुकलेला, शांत, कष्टाळू माणूस. त्यानं कागद पाहिला आणि भिंतीला टेकून खाली बसला. मग एकेक शब्द काढत त्यानं सांगितलं. दहा-बारा वर्षांपूर्वी, दोन वर्षं धान बुडालं होतं, तलाव आटला होता. गावातल्या कोणीतरी त्याला सांगितलं की आईला निराधार विधवेचं मानधन मिळू शकतं, फक्त बापाच्या मृत्यूचा दाखला पाहिजे. तो माणूसच खटपट करून दाखला घेऊन आला. आईकडून अंगठे घेतले, म्हाताऱ्या बायांना सरकार पैसे देतं असं सांगून.

"आई, तो येत नाई. साऱ्याइले ठाऊक होतं," सुरेश म्हणाला. "मी तरी काय करू? घरी चूल पेटत नोती."

"दिवस कोणता टाकला?" त्यांनी विचारलं.

त्याला आठवेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तारीख पाहिली, मोबाइलमध्ये त्या वर्षाचा महिना काढला. नेमकी पोळ्याचीच होती.

"म्हंजे मी त्या दिवशी पुरणाचं जेवली," अंजनाबाई म्हणाल्या. सुरेश रडत होता, त्याला गप्प करायलाही गेल्या नाहीत. सूप उचलून पुन्हा पाखडायला लागल्या.

आता जे सांगायचं ते माझं आहे. अर्जात एक रकाना होता: वैवाहिक स्थिती. मी मोहरील सरांना फोन केला. ते म्हणाले, बाकीच्या कागदांवर जे आहे तेच घाला, नाहीतर चौकशीत अडकेल, आणि मुलगाही अडचणीत येईल. ते चुकीचं सांगत नव्हते. विवाहित लिहावं तर सुरेशवर खोट्या दाखल्याचं प्रकरण. विधवा लिहावं तर खाली अंजनाबाईंचा अंगठा. दोन दिवसांनी मी पुन्हा गेले. त्या बाहेर ओट्यावर होत्या. मी सगळं समजावून सांगितलं.

"तुमी सांगा," त्या म्हणाल्या. "तुमी शिकल्या आहा. काय लिवाचं?"

मला बारा बाया हव्या होत्या. त्यांच्याशिवाय बाकीच्या अकरा जणी म्हणजे नुसता आवाज, हे मला माहीत होतं. तारखा ठरल्या होत्या, चंद्रपूरच्या पासपोर्ट कार्यालयातली वेळ मिळाली होती. मी म्हणाले, "बाई, नुसता कागद आहे. कागदावर लिहिलं म्हणून काही होत नाही. तुमच्या मनात आहे तेच खरं."

त्यांनी पदरानं हात पुसला. मग अंगठा पुढं केला.

दुसऱ्या दिवशी यमुनेचा फोन आला. अंजनाबाईंनी वस्तीतल्या जाणत्या बुढ्याला बोलावून घेतलं होतं आणि विचारलं होतं, माणूस सापडला नाही तर त्याचं करतात कसं. मी पोचले तेव्हा तलावाच्या पाळीवर माणसं जमली होती. पळसाच्या पानांचा आणि कणकेचा माणूस केला होता, हातभर लांबीचा. त्याला धोतर म्हणून पांढऱ्या फडक्याची पट्टी गुंडाळली होती. सुरेशनं मुंडण केलं होतं. अंजनाबाई एका दगडावर बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तुमी म्हणल्या कागदानं काई होत नाई," त्या हळूच म्हणाल्या. "होते जी. अंगठा मी देल्ला. अंगठा देऊन माणूस तसाच उघड्यावर कसा ठेवू?"

बांगड्या त्यांनी स्वतः फोडल्या. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पानांचा माणूस पेटायला वेळ लागला, पळस ओला होता. धूर तलावावर पसरला. आमच्या बारांतल्या अकरा जणी तिथं होत्या आणि एकीलाही रडता आलं नाही. कोणासाठी रडायचं आणि कशाच्या आधारावर, ते कळत नव्हतं. सुरेशच मोठ्यानं रडला. मला वाटतं, तो बापासाठी नव्हता रडत.

पासपोर्ट कार्यालयात त्यांचा फोटो काढला, तो मोकळ्या कपाळाचा. फोटो काढणाऱ्या मुलीनं "सरळ बघा" म्हटलं, आणि त्यांनी पाहिलं ते असं की त्या मुलीनंच नजर खाली केली.

तालमी थांबल्या नाहीत. अंजनाबाई पुढच्या रविवारी आल्या, त्याच्या पुढच्याही. खडूची बांधी आखत, सगळ्यांना वाकवत. पण आता त्या मधोमध न राहता कडेला उभ्या राहायच्या आणि ओळ टाकायला यमुनेला सांगायच्या. तिची ओळ घसरली की तिच्या पाठीवर हात ठेवून, "घाई नोको करू. चिखलात पाय रुतला म्हणून समज, मंग काढ," असं म्हणायच्या. मला वाटलं, दुःखात आहेत, सावरतील. इटलीच्या लोकांना त्यांचं एक गाणं फार आवडलं होतं, रेकॉर्डिंगवर ऐकून. गावाला गेलेल्या घरधन्याला बोलावणारं. "धुऱ्याधुऱ्यानं येजो माह्या राया," म्हणजे बांधाबांधानं ये, असं ते सुरू होई. अंजनाबाईंनी ते यमुनेला अख्खं शिकवलं, एकदाही स्वतः न म्हणता. ठेका चुटकीनं सांगायच्या, शब्द नुसते बोलून.

जानेवारीच्या मध्यावर मोहरील सर तालीम बघायला आले. चांगला माणूस, कलेवर प्रेम करणारा. त्यांना कागदाचं तेवढं माहीत होतं, त्यापुढं झालेलं मी सांगितलं नव्हतं. त्यांनी बारा हिरवी लुगडी आणली होती, बारा डझन बांगड्या, कुंकवाच्या डब्या. सगळ्या रंगमंचावर सारख्या दिसल्या पाहिजेत, असं ते समजावत होते. अंजनाबाईंच्या पुढ्यात त्यांनी बांगड्या ठेवल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "मले नोको जी."

"मावशी, फक्त स्टेजपुरतं. वीस मिनिटांचा प्रश्न आहे. नंतर काढून टाका."

अंजनाबाईंनी सरांना उत्तर दिलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम," त्या म्हणाल्या, आवाज अजिबात चढला नव्हता, "कागदावर मेला आन् नाचाले जिता. असं कसं?"

मी सरांना बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. आत येऊन त्यांनी अंजनाबाईंची माफी मागितली, बांगड्यांचा एक डबा उचलून पिशवीत ठेवला. अंजनाबाई त्यांना म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं जी? तुमाले कोणी सांगतलंच नाई." तेही माझ्याकडे पाहूनच.

व्हिसा लागलेले बारा पासपोर्ट कुरिअरनं आले त्या दुपारी शेवटची तालीम होती. मी एकेकीच्या हातात पासपोर्ट दिला. बाया त्यातल्या सिंहाच्या चित्रावरून बोटं फिरवत होत्या, एकमेकींचे फोटो पाहून हसत होत्या. तालीम संपल्यावर सगळ्या गेल्या, अंजनाबाई थांबल्या. त्यांनी पासपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला.

"हे तुमच्यापाशी ठेवा. मी नाई येत."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"परवा मिरचीची गाडी जाऊन राह्यली. मी तिच्यात जातो."

"मिरची तोडायला? बाई, तुम्ही? या वयात? आणि आठ दिवसांवर विमान आहे."

"तोडाले तं जातोच, हात रिकामा कसा ठेवन? पण पाहाले जातो." त्या खुर्चीवर टेकल्या नाहीत, खाली बसल्या. "मॅडम, तुमच्या कागदावर लिवलं आहे तो घरी मेला. घरी तं नाई मेला, मले ठाऊक आहे. मंग कुठी मेला, तेवढं पाहून येतो. इतके वर्स मी गेली नाई. काऊन, तं मी गेली आन् तो आला तं त्याले घरी मी दिसन नाई म्हून. आता त्याचं सारं करून टाकलं. आता कोणी येत नाई. आता मले जाता येते."

मी चिडले. आज लिहितानाही त्याची लाज वाटते. मी म्हणाले, सगळी नावं तिकडे गेली आहेत, पत्रिका छापल्या आहेत, तुमच्यासाठी मी सहा महिने धावते आहे. वीस वर्षांनी तिथं काय सापडणार आहे?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "धावल्या जी तुमी," त्या म्हणाल्या. "तुमी धावल्या म्हणून तं मले कळलं. नाई तं मी तशीच कुंकू लावून मेली असती. मी तुमाले दोष नाई देत. यमुनेले सारं येते. माह्यापेक्षा उजवी आहे ते, तिचा गळा नवा आहे." दारापाशी जाऊन त्या थांबल्या. "त्या तिकडच्या बायाइले सांगजा, अंजना कामाले गेली म्हून."

मिरचीची गाडी बाजारचौकातून सकाळी सुटणार होती. मी निरोप द्यायला गेले नाही. रुसले होते म्हणा ना. यमुना गेली होती. तिनं सांगितलं, बाई गाडीत मागं बसल्या, गाठोड्यावर, तोंड रस्त्याकडे करून.

इटलीचं थोडक्यात सांगते. यमुना चांगली गायली, फार चांगली. तिथल्या म्हाताऱ्या बायका त्यांची गाणी म्हणताना आपसूक कमरेत वाकत होत्या, ते पाहून आमच्या बाया रडल्या. छापील पत्रिकेत मुख्य गायिका म्हणून अंजनाबाईंचं नाव होतं आणि तोच मोकळ्या कपाळाचा फोटो. एक नव्वदीची बाई दुभाषीला घेऊन माझ्याकडे आली आणि फोटोवर बोट ठेवून विचारलं, ही कुठे आहे? मी सांगितलं, कामाला गेली. तिनं मान हलवली, जणू हे उत्तर तिला पूर्ण कळलं होतं.

एप्रिलमध्ये टोळी परत आल्याचं कळलं आणि मी गेले. ऊन रणरणत होतं. अंजनाबाई पडवीत पाण्याच्या घमेल्यात दोन्ही हात बुडवून बसल्या होत्या. हात मनगटापर्यंत लाल, सुजलेले. मिरचीची आग महिनाभर जात नाही. वाळल्या होत्या, डोळे आत गेले होते. मला पाहून हसल्या. मी पाया पडले, तर म्हणाल्या, "हात लावू नोका, चुरचुरन."

मी माफी मागायला आले होते, पण त्यांनी तो विषयच येऊ दिला नाही. आधी मला सगळं सांगायला लावलं. म्हाताऱ्या बाया कशा, दात आहेत का त्यांना, चिखल आपल्यासारखाच का. मी सांगत गेले. मग मी विचारलं, "तिकडे काही कळलं?"

त्यांनी हात घमेल्यातून काढले, पदरावर उताणे ठेवले.

टोळीत सिरोंच्याकडची एक बाई होती, तिला तेलुगू येत होतं. तिला घेऊन अंजनाबाई रोज काम संपल्यावर आजूबाजूच्या वाड्यांवर जात. विचारत. बरेच जण हसत. कोणी हाकलून देत. परतायच्या आठवडाभर आधी एका ओढ्याकाठच्या वाडीवर एक म्हातारी भेटली. तिला आठवत होतं की खूप वर्षांपूर्वी मिरचीच्या हंगामात एक मराठी बोलणारा माणूस तिच्या शेतावर तापानं गेला. सोबतचे मजूर आधीच निघून गेले होते. नाव तिला माहीत नव्हतं. कोणी नेणारं नव्हतं, म्हणून त्यांनीच ओढ्याकाठी पुरला. तिनं जागा दाखवली. आता तिथं काही नव्हतं. सीताफळाचं एक झाड होतं, आणि शेळ्या चरत होत्या.

"दिसाले कसा होता, विचारलं?" मी म्हणाले.

"विचारलं. काळा होता म्हणे. उंच होता." त्या थांबल्या. "सुरेशचा बाप उंच नोता."

आत सुरेशची बायको भांडी घासत होती, तेवढाच आवाज होता.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करन? सिरोंचावाली म्हणे, चाल बाई, हा नाई तुझा. मी म्हणलं, थांब." त्यांनी सुजलेल्या बोटांनी पदराचा काठ सारखा केला. "माणूस तं होता. कोण्या बाईचा नवरा असनच. ते कुठी तरी अजून दाराकडं पाहून राह्यली असन, तिले कोणी कागद देल्ला नसन. म्हातारीच्या घरून तांब्या मांगला. ओढ्याचं पाणी आणलं आन् त्याले घातलं. तिच्या वाटचं म्हून. म्हणलं, माह्यावाल्याले बी कुठी कोणी घातलं असन."